दारी आलेले ओझे



या पटांगणावर वेदान्तापासून अर्थशास्त्रापर्यंत पुष्कळ बोलले गेले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेचा विषय मी घेत नाही. आपल्या दारी गॅसची टाकी घेऊन येणाऱ्या माणसाच्या मजुरीविषयी मला बोलायचे आहे.

आधी वजन पाहू. घरगुती टाकीत गॅस भरतात १४.२ किलो. रिकामी टाकी साधारण पंधरा-सोळा किलोची. ते वजन तिच्यावर लिहिलेलेच असते. म्हणजे खांद्यावर येतात तीस किलो. १९६७ साली जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेने प्रौढ पुरुषाने वाहण्याच्या ओझ्यास ५५ किलोंची मर्यादा सुचवली. मग तीस किलोंची काय कथा, असे कोणी म्हणेल. पण ही मर्यादा एका ओझ्याची आहे, दिवसाची नव्हे! ज्याच्या फेरीत चाळीस टाक्या आहेत, त्याने बारा क्विंटल वर चढवले आणि रिकाम्या टाक्यांचे सहा क्विंटल खाली आणले. त्यात जुन्या नाशकातले वाड्यांचे काळोखे जिने. गंगापूर रोडकडच्या नव्या इमारतींत लिफ्ट आहे खरी, पण टाकीवाल्याने जिन्यानेच जावे, अशी पाटी मी एकाहून अधिक ठिकाणी वाचली आहे. फरशी खराब होते म्हणे!

पुष्कळदा टेम्पो चालवणारा आणि टाकी उचलणारा माणूस एकच असतो. तो तिसऱ्या मजल्यावर गेला की खाली भरलेला टेम्पो रामभरोसे. त्याचा जीव निम्मा वर, निम्मा खाली.

टाकीच्या गळ्याजवळच्या पट्टीवर एक अक्षर आणि सालाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, अशी ती तपासणीची मुदत. मुदत टळलेली टाकी घरात घेऊ नये, हे आपण जरूर पाहावे. ती वाहणाऱ्याच्या पाठीची तपासणी किती वर्षांनी होते, हे मात्र मला कोठे लिहिलेले आढळले नाही.

आता पैशाची गोष्ट, जिच्यावरून दारात कुरबुर होते. टाकीच्या किमतीतच घरपोच पोचवण्याचे शुल्क धरलेले असते. गोदामातून आपण स्वतः टाकी आणली तर ते वजा होते. तेव्हा ‘वरचे वीस रुपये कशाचे?’ हा गृहिणीचा प्रश्न रास्त आहे. मी कामगारांचा माणूस असूनही हे म्हणतो. पण पगाराची बोलणी करताना मी ऐकलेले उत्तर ऐका : ‘अहो, त्यांना दारात मिळतातच की!’ म्हणजे मजुरीचा एक तुकडा मालकाने आपल्या उंबऱ्यावर आणून टाकला, आणि तो उचलताना मावशी आणि टाकीवाला एकमेकांवर चिडतात. भांडणाचा खरा धनी तिथे हजरच नसतो.

आपल्याच जिल्ह्यात कांद्याच्या बाजारात हमालीचा दर ठरलेला असतो. १९६९ साली माथाडी कायदा झाला, त्यामागे अण्णासाहेब पाटलांसारख्यांची वर्षानुवर्षांची झुंज होती. त्या कायद्याने मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, भविष्यनिधी आला, रजा आली. माझ्या पाहण्यातले बहुतेक टाकीवाले मात्र या नोंदणीबाहेरच आहेत. ओझे डोक्यावर नसून खांद्यावर आहे, एवढाच काय तो फरक!

आमची मागणी दोन गोष्टींची आहे. पगाराची लेखी पावती, आणि दुसऱ्या मजल्यापुढे मजल्यागणिक दर, तोही मालकाच्या खिशातून. ‘जिन्याचा हिशेब कोण ठेवणार?’ असे विचारले जाते. टेम्पोच्या डिझेलचा हिशेब किलोमीटरवर ठेवता येतो, तर पायऱ्या मोजता येऊ नयेत?

तो हिशेब आम्हीच मांडायला घेतला आहे. मागे टेबलावर वही ठेवली आहे. आपण कितव्या मजल्यावर राहता, लिफ्ट आहे काय आणि गेल्या खेपेस दारात किती दिले, एवढेच जाताना लिहा. नाव घालण्याची गरज नाही.