श्रद्धा, विज्ञान आणि छापील शब्द

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



 आजचा विषय काहीसा अवघड आहे. धर्मश्रद्धा आणि विज्ञानाचे प्रकाशनस्वातंत्र्य यांच्यात तेढ उत्पन्न झाली, तर समाजाने काय करावे? या प्रश्नाची दोन उत्तरे महाराष्ट्राने स्वतःच देऊन ठेवलेली आहेत. एक पंचांगाच्या वादात सापडते, दुसरे रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावरील खटल्यांत. ती दोन्ही आपणांपुढे शेजारी शेजारी मांडावीत, एवढाच आमचा हेतू आहे.

प्रथम पंचांग. आपण दिल्लीत राहत असू, नोएडा-गाझियाबादेस असू, की गुरुग्राम-फरिदाबादेस, सोलापूरचे दाते पंचांग किंवा 'कालनिर्णय' दर वर्षी आपल्या घरी येतेच. एकादशी, चतुर्थी, वडिलांची श्राद्धतिथी, सारे त्यात पाहूनच ठरते. पण या तिथी काढायच्या कोणत्या गणिताने, यावर एके काळी मोठे रण माजले होते. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास 'ग्रहलाघव' रचले. जुन्या ग्रंथांवरून काढलेली ग्रहस्थिती आकाशाशी जुळेना, म्हणून त्यांनी वेध घेऊन गणित सुधारले. पुढे तीन शतके आपली पंचांगे त्याच ग्रंथावर चालली, आणि तेवढ्या अवधीत त्यातही पुन्हा अंतर पडले. तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली पाश्चात्त्य गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' सिद्ध केली आणि आबासाहेब पटवर्धनांच्या साहाय्याने १८६५ पासून नवे पंचांग काढले. तेच पटवर्धनी पंचांग.

विरोध झाला, आणि तो क्षुल्लक नव्हता. योग्य तिथीस केलेले श्राद्धच पितरांना पोचते असे ज्याचे मन सांगते, त्याला परकीय कोष्टकांतून निघालेली तिथी सहजी कशी पटावी? सुधारणावाद्यांचे उत्तर असे की, आकाशात दिसेल तेच गणितात यावे, हा दृक्प्रत्ययाचा दंडक आपल्याच ज्योतिषाचा आहे, आणि गणेश दैवज्ञांनी तोच पाळला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' प्रसिद्ध केले. लोकमान्य टिळकांनी पंचांगशोधनाची बाजू उचलून धरली. परिषदा भरल्या, ग्रंथ निघाले, तरी एकमत झाले नाही. टिळक पंचांगाचा अधिक महिना आजही कधी कधी इतरांहून निराळा येतो, आणि मग एकाच आळीत दिवाळी दोनदा होते. तरीही दोन्ही पंचांगे छापली जातात, आणि ज्याला जे पटते ते तो घेतो.

हेच धोरण पुढे दिल्लीच्या सरकारनेही स्वीकारले. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली गेली. तिच्यात नागपूरचे डॉ. के. ल. दप्तरी आणि 'केसरी'चे ज. स. करंदीकर हे आपले दोन विद्वान होते. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र १८७९ रोजी, राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. शासनाने शास्त्रशुद्ध गणित छापले, परंतु कोणत्याही कुटुंबाला त्यानुसार सण करण्याची सक्ती केली नाही. छापण्याचे स्वातंत्र्य एकास आणि आचरणाचे दुसऱ्यास, अशी ही वाटणी होती.

आता दुसरे उत्तर पाहू. महर्षी कर्व्यांचे ज्येष्ठ चिरंजीव रघुनाथराव गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२३ साली त्याच विषयावर पुस्तक लिहिले. हा प्रचार ख्रिस्ती मिशनच्या विल्सन कॉलेजास रुचला नाही, आणि १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, गर्भनिरोध या विषयांवर ते शास्त्राच्या आधारे स्पष्ट लिहीत, आणि धर्माच्या नावाने चालणाऱ्या समजुतींवर तितकेच कठोर लिहीत. १९३१ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, दंड झाला. १९३४ साली दुसरा झाला. वाचकांनी विचारलेल्या शंकांना दिलेली उत्तरे हा त्या वेळचा अपराध! तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. विषय लैंगिक आहे एवढ्यावरून लेखन अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका होती. न्यायालयास ती पटली नाही, आणि पुन्हा दंड झाला. तरीही पदरमोड करून आणि पत्नी मालतीबाईंच्या साथीने कर्व्यांनी मासिक चालविले ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत.

येथे आम्हांस एक गोष्ट विशेष वाटते. कर्व्यांना विरोध करणारे एकाच धर्माचे नव्हते. मिशनऱ्यांचे कॉलेज आणि आपले सनातनी यांचे एरवी कशावरही पटले नसते, पण या एका माणसाने लिहू नये यावर मात्र पटले. कर्व्यांचे विधान चूक असेल तर त्याला पुराव्याने उत्तर देता आले असते. तसे करण्याऐवजी त्यांची नोकरी गेली आणि त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. यात धर्माचे रक्षण झाले असे म्हणवत नाही. आईबापांना विचारण्याची लाज वाटणारे तरुण आणि वारंवारच्या बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रिया यांचे मात्र नुकसान झाले, कारण त्यांना मराठीत दुसरीकडे विचारण्याची सोय फार थोडी होती.

कायद्याची कथाही बोधप्रद आहे. ज्या १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' निघाले, त्याच साली धार्मिक भावना बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने दुखावण्याबद्दलचे २९५ अ हे कलम दंडविधानात आले. कर्व्यांना मात्र अश्लीलतेच्या कलमाखालीच खेचले गेले. त्या २९२ व्या कलमात विज्ञान, साहित्य, कला वा विद्या यांच्या हितासाठी केलेल्या लोकोपयोगी प्रकाशनास सूट देणारी दुरुस्ती संसदेने १९६९ साली केली, कर्व्यांच्या निधनानंतर सोळा वर्षांनी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही ही सूट कायम आहे. बाबासाहेबांची जी बाजू १९३४ साली हरली, तिला अशा रीतीने कायद्यात जागा मिळाली.

परंतु कलमे काही पहारा देत उभी राहत नाहीत. २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्यभर लिहिणारे, 'साधना'चे संपादक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. खटल्यावरून गोळीपर्यंत आलेली ही वाट पाहून मन विषण्ण होते.

आपल्या मुलांच्या दप्तरापर्यंतही हा प्रश्न आलेला आहे. डार्विनचा सिद्धान्त चुकीचा आहे, असे केंद्रातील एका तत्कालीन राज्यमंत्र्यांनी जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेस सांगितले. देशातील तीन विज्ञान अकादमींनी त्याला संयुक्त निवेदनाने उत्तर दिले. शब्दाला शब्दाने उत्तर मिळाले, आणि हीच रीत योग्य होय. पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या विज्ञानपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गळला. त्याचे कारण अभ्यासाचा भार हलका करणे हे देण्यात आले, धर्माचे नव्हे, आणि बारावीच्या जीवशास्त्रात तो विषय राहिला. तरीही एप्रिल २०२३ मध्ये अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी निषेधाचे पत्र काढले, कारण दहावीनंतर विज्ञान सोडणारा विद्यार्थी हे ज्ञान घेतल्याविनाच शाळेबाहेर पडतो. कारण काहीही असो, गळलेले पान घरी भरून काढणे पालकांच्या हाती आहे.

श्रद्धावंतांस आमचे एवढेच सांगणे आहे की, विज्ञान छापले गेल्याने श्रद्धेस धोका पोचतोच असे नाही. वाईच्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी 'धर्मकोश' संपादिला आणि 'मराठी विश्वकोशा'चे प्रमुख संपादकपदही भूषविले. वेदवचनांचा संग्रह करणाऱ्या त्याच हाताखालून क्रमविकासाची नोंदही मराठीत आली. श्रद्धावंताला न वाचण्याचा, न मानण्याचा, आणि प्रत्युत्तर छापण्याचा पूर्ण अधिकार आहे. दुसऱ्याचे छापणे बंद पाडण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. लेखकानेही टीका मताची करावी, माणसाची विटंबना करू नये.

मंडळास आमची एक नम्र सूचना आहे. ग्रंथालयाच्या एकाच कपाटात पंचांग असावे, विश्वकोशाचे खंड असावेत आणि कर्व्यांचे लेखनही असावे. गणेशोत्सवाच्या व्याख्यानांत एक संध्याकाळ विज्ञानासाठी राखावी, आणि वक्त्यास आपल्या ज्येष्ठांनी मोकळेपणाने प्रश्न विचारावेत. आरती झाल्यावर त्याच मांडवात अशी चर्चा होऊ शकते, हे आपल्या मुलांनी डोळ्यांनी पाहावे.