तांडा आणि खुला मतदारसंघ



पोहरादेवीत, संत सेवालाल महाराजांच्या समाधिस्थळी निवडणुकीची चर्चा कशाला, असे कुणी म्हणेल. माझ्या मते ती येथेच व्हावी. बंजारा समाज कर्नाटकात अनुसूचित जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आहे. तेथे त्याला विधानसभेच्या राखीव जागा लढविता येतात. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत. शिक्षण-नोकरीत आरक्षण आहे, विधानसभेत नाही. म्हणजे तांड्यातील उमेदवाराने खुल्या मतदारसंघातच उभे राहायचे आणि तांड्याबाहेरचीही मते मिळवायची.

गहुलीचे वसंतराव नाईक १९५२ साली पुसदमधून निवडून आले. १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. पक्ष काँग्रेस असला तरी हे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. २०२४ साली येथील महंत बाबूसिंग महाराज राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून विधान परिषदेत गेले, याचा आनंदच आहे. परंतु नियुक्ती म्हणजे जनादेश नव्हे.

मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात. तरुण कार्यकर्त्यांना माझी सूचना एवढीच : पक्ष कोणताही असो, हे दहा जण दहा समाजांतून मिळतात का, ते आधी पाहा. न मिळाल्यास अनामतीचे दहा हजार रुपये जवळच ठेवा आणि आणखी काही वर्षे गावे फिरा.