बंगळुरू ते कँडी : मिनेट डी सिल्व्हा यांचं पहिलं घर

बंगळुरात वास्तुरचनाकार जमले की ओटो क्योनिग्सबर्गर यांचं नाव निघतंच. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडावी लागलेले क्योनिग्सबर्गर १९३९ मध्ये म्हैसूर संस्थानाचे मुख्य वास्तुरचनाकार झाले. चाळीसच्या दशकात त्यांच्या इथल्या कचेरीत जमशेदपूरच्या टाटा वसाहतीचं काम चालू होतं. जागेवर नेऊन जोडायच्या घरांच्या त्या कामात कँडीहून आलेली एक तरुणीही होती. मिनेट डी सिल्व्हा हे तिचं नाव मात्र अशा गप्पांत फारसं ऐकू येत नाही.

तिचा जन्म १९१८ चा. आई सिंहलमधल्या (आजच्या श्रीलंकेतल्या) स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेली, वडील राजकारणात. वास्तुकला शिकायला ती मुंबईत आली आणि मिस्त्री-भेदवार यांच्या कचेरीत उमेदवारी करू लागली. तिथे पेरीन मिस्त्रींशी मैत्री जमली. पेरीन यांनी १९३६ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून वास्तुकलेची पदविका घेतली होती. भारतात हे करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मिनेटही जे. जे.त गेली, पण स्वातंत्र्य चळवळीच्या मोर्चात सामील झाल्याबद्दल माफी लिहून देईना, म्हणून तिला काढून टाकण्यात आलं. पुढे लंडनला शिकून १९४८ मध्ये ब्रिटिश वास्तुरचनाकारांच्या रॉयल इन्स्टिट्यूटची सदस्य होणारी ती पहिली आशियाई स्त्री ठरली.

मायदेशी परतल्यावर तिने पहिलं काम घेतलं ते कँडीतल्या करुणारत्ने यांच्या घराचं. १९५१ च्या सुमारास ते पूर्ण झालं. जागा डोंगरउताराची. तो उतार सपाट करण्याऐवजी तिने घरालाच पायऱ्यापायऱ्यांनी उतरवलं: वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या खोल्या, मोकळी हवा आणि बागेकडे उघडणारी बैठक. युरोपातून नुकत्याच आलेल्या वास्तुरचनाकाराने एवढं केलं असतं तरी वाहवा झाली असती. मिनेटने मात्र जवळच्या दुंबरा भागातल्या विणकरांना कामावर घेतलं. चटयांसाठी होणारं त्यांचं विणकाम दाराच्या चौकटीत बसलं. मातीच्या भाजलेल्या फरशांवर कँडी नृत्याच्या आकृती उमटल्या. भिंतीवरचं चित्र जॉर्ज कीट यांचं. घर उभं राहिल्यावर ही सजावट वरून चिकटवलेली नव्हती. कारागीर आराखड्यातच होते, म्हणजे खर्चाच्या हिशेबातही.

‘आधुनिक प्रादेशिक वास्तुकला’ हे नाव तिनेच वापरलं. आज श्रीलंकेतल्या या वळणाचं श्रेय बहुधा जेफ्री बावांना मिळतं. बावा मोठेच, त्याबद्दल वाद नाही. पण ते वास्तुरचनाकार म्हणून पात्र ठरले १९५७ मध्ये. करुणारत्ने कुटुंबाचं घर त्याआधीचं आहे, आणि तारखा कुणाची भीड ठेवत नाहीत.

कँडीजवळच्या वाटापुलुव वसाहतीत तर तिने आणखी एक पाऊल टाकलं. घरं सरकारी नोकरांची, कुटुंबं वेगवेगळ्या जातिधर्मांची आणि ऐपतींची. तिने त्यांच्याकडून प्रश्नावली भरून घेतली, काय हवंय ते विचारलं आणि मग नकाशे केले. आपल्या गृहनिर्माण मंडळांना ही कल्पना अजूनही धाडसी वाटेल!

अशा स्त्रियांची नावं गप्पांत मागे राहतात, म्हणून वास्तुरचनाकारांच्या या परिषदेच्या ठरावांत एक भर घालावी. पेरीन मिस्त्रींनी मुंबईत कारमायकल रोडवर सर बेहरामजी करंजिया यांचा बंगला केला. अशा पहिल्या पिढीतल्या स्त्रियांच्या कामांचे मोजमापासह नकाशे विद्यार्थ्यांनी काढावेत, आणि सुरुवात बंगळुरू व मुंबईतल्या महाविद्यालयांनी याच वर्षी करावी.