आखूड नकार



व्याकरणावर बोलायला डॉक्टर कशाला, असं आपल्याला वाटलं असेल. पण या गावाला तो विषय परका नाही. 1836 साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा पांडुरंग पुढे याच सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. 1844 मध्ये दुर्गाराम मेहताजींबरोबर इथल्या मानवधर्म सभेच्या स्थापनेतही ते होते. मी वैयाकरण नव्हे. मुलं-नातवंडं परदेशी असलेली मंडळी माझ्या दवाखान्यात गुडघ्यांच्या जोडीला इंग्रजीच्याही तक्रारी सांगतात, त्यांतल्या काही आज घेतो.

पहिली शंका नेहमीची: 'डू नॉट'चं 'डोन्ट' करणं अशुद्ध का? मुळीच नाही. आपण 'आलो आहे'चं 'आलोय' करतोच. 'न' आणि 'होतं' मिळून 'नव्हतं' झालं. शेजारच्या गुजरातीतलं 'नथी' हे संस्कृत 'नास्ति'चंच रूप. इंग्रजीने गाळलेल्या अक्षराच्या जागी वर स्वल्पविरामासारखं चिन्ह ठेवलं, एवढाच फरक. घरच्या पत्रात 'डोन्ट' शोभतं, सरकारी अर्जात 'डू नॉट' लिहावं. 'विल नॉट'चं 'वोन्ट' कसं, असंही विचारतात. 'विल'चं 'वोल' असं एक जुनं रूप होतं, त्याची ती खूण. नातवंडांचं 'गॉना' म्हणजे 'गोइंग टू'. ते ऐकून ओळखावं, अर्जात लिहू नये.

'इट्स'वर चिन्ह द्यावं की नाही? तिथे 'इट इझ' किंवा 'इट हॅझ' म्हणून पाहा. वाक्य जुळलं तर चिन्ह द्या. 'त्याचं' असा अर्थ असेल तर देऊ नका.

आपलं 'इझन्ट इट' मात्र खास आहे. मराठीतला 'ना' आणि गुजरातीतला 'ने' कुठल्याही वाक्याच्या शेपटीला बसतो: 'येणार ना?', 'आवशो ने?' त्याच सवयीने आपण 'यू आर कमिंग, इझन्ट इट?' म्हणतो. इंग्रजीत शेपूट क्रियापदाप्रमाणे बदलते. तिथे 'आरन्ट यू' हवं. पण यात कुणाचं बिघडत नाही. समोरच्याला अर्थ कळतो.

बिघडतं ते दुसरीकडे. माझी थोरली बहीण मुलाकडे इंग्लंडला गेली असताना तिची एक छोटी शस्त्रक्रिया ठरली. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं आणि तिने पाण्याचा थेंबही घेतला नव्हता. नर्सने विचारलं, 'यू हॅवन्ट ईटन एनीथिंग?' बहीण ठामपणे म्हणाली, 'येस.' तिच्या मनात होतं, 'हो, काही खाल्लं नाही.' नर्सने लिहून घेतलं की खाल्लंय. त्या दिवशीची शस्त्रक्रिया पुढे गेली, आणि इतकी वर्षं शाळेत शिकवलेली बाई 'मला इंग्रजी येत नाही' म्हणून रडली.

तिला इंग्रजी येत होतं. तिने उत्तर मराठीच्या नियमाने दिलं. 'जेवला नाहीत ना?' याला आपण 'हो, नाही जेवलो' म्हणतो. आपला 'हो' विचारणाऱ्याच्या वाक्याला असतो: तुम्ही म्हणता ते खरं. इंग्रजीतला 'येस' घडलेल्या गोष्टीला असतो: जेवलो असलो तर 'येस', नसलो तर 'नो', मग प्रश्न कसाही विचारलेला असो. त्यातून नकार 'हॅवन्ट'मध्ये इतका आखडलेला, की घाबरलेल्या कानाला तो ऐकू येईलच असं नाही. 'कान्ट'चंही तसंच. अमेरिकन माणूस 'कॅन्ट' म्हणताना शेवटचा 'ट' जवळजवळ गिळतो, आणि 'जमत नाही'चं 'जमतं' ऐकू येतं.

तेव्हा माझी औषधयोजना साधी आहे. गप्पांमध्ये हवी तेवढी काटछाट करा. पण दवाखाना, विमानतळ, बँक अशा ठिकाणी नकार पूर्ण उच्चारा: 'कॅनॉट', 'डू नॉट'. आणि नुसतं 'येस' किंवा 'नो' म्हणून थांबू नका, पुढचं वाक्य बोला: 'आय हॅव नॉट ईटन.' हे शब्द तिला पाठ होते. फक्त कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरी मात्रा माझ्यासारख्यांसाठी. हानेमान यांनी 'ऑर्गेनॉन'च्या 87व्या परिच्छेदात वैद्याला बजावलंय की, रोग्याला नुसतं हो किंवा नाही म्हणावं लागेल असा प्रश्न विचारू नये. परीक्षेसाठी मी तो घोकला होता. तरी पुढे कित्येक वर्षं 'ताप नाही ना?' असंच विचारत आलो आणि समोरून आलेला 'हो' सोयीप्रमाणे लिहून घेत आलो. बहिणीचं ऐकल्यापासून 'काय होतंय?' एवढंच विचारतो आणि गप्प बसतो. थोडा वेळ जास्त जातो. पण माणूस पूर्ण वाक्यात बोलतो.