अंगणातली जीपदुरुस्ती

1941 साली युद्धासाठी बनू लागलेली विलिस जीप पुढे आपल्या डोंगरवाटांवरही रुळली. तिची बांधणी साधी; म्हणून ज्यांच्या घरी ती अजून आहे, त्यांना पुष्कळशी दुरुस्ती अंगणातच करता येते.

ओढ्यातून गाडी काढल्यावर डिफरन्शिअलचे तेल पाहावे. ते दुधाळ दिसले, तर पाणी शिरले असे समजून लगेच बदलावे. नाहीतर बेअरिंगे गंजतात.

पण गाडीखाली शिरताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो, मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर असतो. मागचे एकच चाक जॅकवर उचलले, की काय होते? शाफ्ट जखडलेला असला, तरी डिफरन्शिअलमुळे उचललेले चाक एका दिशेने व जमिनीवरचे उलट दिशेने फिरू शकते. गाडी घरंगळते आणि जॅकवरून पडते. तेव्हा आधी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावा, मग गाडी उचला, आसाखाली भक्कम लोखंडी घोड्या द्या, आणि मगच खाली शिरा. विटा रचू नका. भाराने त्या फुटतात.

शिक्षकबंधूंनी चाकांची ही उलटसुलट गती मुलांना जरूर समजावून द्यावी. तिच्यात विज्ञानाचा एक धडाच आहे, आणि तो जीव वाचवणारा आहे.