‘सिस्टर’ म्हणजे नेमकं कोण?



 सडक अर्जुनी महामार्गावर आहे, तरी चुकणारे चुकतातच. या परिचारिका संमेलनाला रेल्वेनं आलेल्या दोघी सौंदडला उतरायचं सोडून थेट अर्जुनी-मोरगावला पोचल्या. त्यांनाही आणलंय.

निमंत्रणपत्रिकेत मी ‘समस्त सिस्टर’ असं लिहिलं होतं. आमच्या समितीतल्या एका निवृत्त बाईंनी लाल पेनानं ते खोडलं आणि मला तासभर शिकवलं. वॉर्डात रुग्णाच्या उशाशी असते ती अधिपरिचारिका. त्या वॉर्डाचा भार वाहते ती परिसेविका. आणि जिला आपण मेट्रन म्हणून भितो, ती अधिसेविका. ऑपरेशन थिएटरातली सिस्टर तर पोट शिवण्याआधी कापडी घड्या न् हत्यारं मोजते. हिशेब जुळल्याशिवाय सर्जनलाही पुढं जाऊ देत नाही. अतिदक्षता विभाग वेगळा, मनोरुग्णांची शुश्रूषा वेगळी. आम्ही मात्र सगळ्यांना एकाच हाकेत बसवलं.

पण आमच्या भागात जिच्याशी रोज गाठ पडते, ती उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे जिल्हा परिषदेची आरोग्य सेविका. सपाटीवर 5000 आणि आदिवासी, डोंगरी भागात 3000 लोकांमागे एक उपकेंद्र, हा सरकारी निकष. गरोदर बाईची नोंद तिनं करायची, बाळाला लस तिनं टोचायची, तापाच्या माणसाच्या बोटातलं रक्त काचपट्टीवर तिनं घ्यायचं. रोवणीत घरांना कुलपं असतात, म्हणून ती लेकराच्या आईला गाठायला बांधावर जाते. सिकलसेल तर आमच्या घराघरांतला विषय. नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक. सोयरीक जुळवायला बसलेल्या मंडळींपुढं हे बोलायचं धाडस डॉक्टरही टाळतात, ही बोलते.

एएनएम या नावातच ‘सहाय्यकारी परिचारिका’ आहे. सहाय्यकारी कोणाची, हे मला त्या लाल पेनवाल्या बाईंनाही सांगता आलं नाही. 

दुपारच्या जेवणात लाखोरीच्या डाळीचे वडे आहेत, तपासून बघा. आणि पुढच्या रांगेतल्या वीस खुर्च्यांवर कृपया कुणी बसू नये. गावोगावची लसीकरण सत्रं आटोपून आरोग्य सेविका दुपारी यायच्या आहेत.