आकडा कोणी सांगितला?



८ सप्टेंबर हा आंतरराष्ट्रीय साक्षरता दिन. १९६७ पासून तो पाळला जातो, आणि दरवर्षी त्या सुमाराला वर्तमानपत्रात एक छोटी चौकट येते : जगात अजून सुमारे पंचाहत्तर कोटी प्रौढांना लिहितावाचता येत नाही आणि त्यांत दोन तृतीयांश बायका आहेत. खाली युनेस्कोचा हवाला. आपण वाचतो, हळहळतो, पान उलटतो. पण ही पंचाहत्तर कोटी माणसं मोजली कोणी? युनेस्कोची सांख्यिकी संस्था कॅनडात, मॉन्ट्रियलला आहे. तिथलं कोणी कुणाच्या दारात जात नाही. दारात जातो तो आपल्याकडचा प्रगणक, म्हणजे पुष्कळदा जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी किंवा बाई.

२०११ची जनगणना आठवा. गुरुजी ओसरीवर बसलेत, मांडीवर फॉर्म. समोर घरातला कर्ता पुरुष. नाव, वय, लग्न असं करत करत साक्षरतेचा रकाना येतो. साक्षर असेल तर १, निरक्षर असेल तर २. ‘आईंचं काय?’ ‘आई सही करते की!’ ‘आणि सूनबाई?’ ‘ती शिकलेली आहे.’ आई आत चुलीपाशी, सूनबाई शेतावर. दोघींना कोणी काही विचारत नाही आणि वाचून तर कोणीच दाखवत नाही. गुरुजींना अजून अख्खी गल्ली उरकायची असते.

नियम तसा चोख आहे. कुठल्याही भाषेत समजून वाचता आणि लिहिता आलं तर माणूस साक्षर. शाळेत गेलाच पाहिजे असं नाही. ब्रेल वाचणारा साक्षर. मात्र नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही, तो निरक्षर. आणि सात वर्षांखालचं मूल, मग ते पहिलीचं पुस्तक घडाघडा का वाचेना, निरक्षरच! म्हणजे दर श्रावणात मोठ्यानं पोथी वाचणारी, पण हातात कधी पेन न धरलेली आजी सरकारदरबारी निरक्षर ठरते. हा नियम सतराव्या-अठराव्या शतकातल्या स्वीडनला लावला तर मोठी पंचाईत होईल. तिथे १६८६च्या चर्च कायद्यानं सगळ्यांना वाचता आलंच पाहिजे असं ठरवलं. पाद्री घरोघरच्या माणसांची परीक्षा घ्यायचा आणि कोण कसं वाचतं ते वहीत मांडून ठेवायचा. लिहायला शिकवण्याची घाई मात्र कोणालाच नव्हती. वाचणारा देश, आणि आपल्या व्याख्येनं बहुतांशी निरक्षर.

आता गंमत बघा. एकाच २०११च्या जनगणनेतून भारताची साक्षरता किती निघते? सात वर्षांपुढची माणसं धरली तर ७३ टक्के. हा आपल्या शाळेच्या पुस्तकातला आकडा. तान्ह्या मुलांसकट सगळी लोकसंख्या धरली तर सुमारे ६३. युनेस्को पंधरा वर्षांपुढचे प्रौढ धरते, तिच्या तक्त्यात ६९. आणि फक्त पंधरा ते चोवीस वयाची तरुण पोरं घेतली तर ८६. चारही आकडे खरे आहेत. भाषण करणारा आपल्या सोयीचा उचलतो, एवढंच.

व्याख्येचा हा खेळ जुना आहे. ब्रिटिश अमलातल्या १९११च्या जनगणनेत कसोटी होती : मित्राला पत्र लिहिता आलं पाहिजे आणि त्याचं उत्तर वाचता आलं पाहिजे. मला ही कसोटी फार आवडते, कारण ती कुणालाही समजते आणि घेऊन बघता येते. चीननं चिन्हं मोजली : खेड्यातल्या माणसाला दीड हजार, शहरातल्या कामगाराला दोन हजार यायला हवीत. १९५८ साली युनेस्कोनं सगळ्या देशांसाठी एक शिफारस केली. रोजच्या जगण्याबद्दलचं एक छोटं, साधं वाक्य समजून वाचता आणि लिहिता यावं. शिफारस झाली, पण प्रत्येक देश विचारत राहिला आपापल्या पद्धतीनं.

शाळांच्या आकड्यांचं दुखणं वेगळं. देशोदेशीच्या इयत्तांची तुलना करता यावी म्हणून युनेस्कोनं एक वर्गीकरण केलं आहे, शून्यापासून आठपर्यंत पायऱ्यांचं. प्रत्येक देशाच्या इयत्ता त्या पायऱ्यांवर बसवायच्या. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आठवी हायस्कुलात. मॉन्ट्रियलच्या तक्त्यात मात्र भारताची सहावी ते आठवी एका पायरीवर आणि नववी ते बारावी पुढच्या. पटाचं गुणोत्तर काढताना वर शाळेतली सगळी मुलं घेतात, वयानं मोठी, नापास झालेली, लवकर घातलेली, आणि खाली फक्त ठरल्या वयाची लोकसंख्या. म्हणून ‘शंभरातली एकशे पाच मुलं शाळेत’ असा आकडा निघतो आणि तो चूकही नसतो! आपल्या प्राथमिक शाळांचं गुणोत्तर असं शंभरावर गेलेलं आहे. त्यातून खालची लोकसंख्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजातून घेतलेली. वरचा आकडा एका घरचा, खालचा दुसऱ्या घरचा.

आणि वरच्या आकड्याचं मूळ कुठे? वर्गातल्या हजेरीपटात. पटावर शिक्षकांची पदं अवलंबून, अनुदान अवलंबून, पोषण आहाराचा तांदूळ अवलंबून. मग पट फुगणार नाही तर काय? महाराष्ट्रानं हे एकदा उघड्या डोळ्यांनी पाहिलं. ३ ते ५ ऑक्टोबर २०११, राज्यभर पटपडताळणी झाली. एकच मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून पोरांच्या बोटांना निवडणुकीसारखी शाई लावली. पटावर असलेली सुमारे वीस लाख मुलं वर्गात सापडली नाहीत. त्यांतली सगळीच बोगस होती असं नव्हे. कोणी आजारी असेल, कोणी मायबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं असेल. पण तोवर ही मुलं बिनबोभाट तक्त्यातून तक्त्यात चढत गेली होती. अलीकडे देशभरच्या शाळांच्या ‘यूडायस’ या सरकारी नोंदणीत प्रत्येक मुलाची वेगळी नोंद सुरू झाली, तेव्हा २०२१-२२ मधले साडेसव्वीस कोटी विद्यार्थी २०२३-२४ मध्ये पावणेपंचवीस कोटींवर आले. मुलं शाळा सोडून गेली की मोजणी सुधारली? दोन्ही वर्षांचे आकडे एका आलेखात जोडणाऱ्यानं आधी याचं उत्तर द्यायला हवं.

ओसरीवरच्या ऐकीव उत्तरांवर उपाय म्हणून पुढे वाचून दाखवायला सांगणारी सर्वेक्षणं आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, ज्याचं काम मुंबईतल्या लोकसंख्या विज्ञान संस्थेकडून चालतं, त्यात बाईच्या हातात एक कार्ड देतात आणि त्यावरचं वाक्य वाचायला सांगतात. ऐकीव माहितीपेक्षा हे केव्हाही बरं. २०१९-२१च्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ७१.५ टक्के बायका साक्षर निघाल्या. पण बारीक अक्षरातली टीप वाचा : नववी पुरी केलेलीला कार्ड दाखवतच नाहीत, ती साक्षर धरलेली. आणि अर्धं वाक्य वाचणारीसुद्धा साक्षर! ‘असर’ या शिक्षण सर्वेक्षणाचे कार्यकर्ते याहून पुढे गेले. २००५ पासून ते खेड्यांत घरोघर जाऊन मुलांसमोर अक्षरं, शब्द, परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असा एक कागद ठेवतात. पाचवीतली साधारण निम्मी मुलं ती गोष्ट वाचू शकतात. पटाच्या तक्त्यात ही सगळी मुलं ‘शाळेत’ आहेत.

मग परीक्षाच घेऊन देशांची क्रमवारी लावावी का? पंधरा वर्षांच्या मुलांच्या ‘पिसा’ नावाच्या परीक्षेत तेच होतं. २००९च्या फेरीसाठी भारतातून तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले. चौऱ्याहत्तर सहभागी देश-प्रदेशांत बहात्तरावे आणि त्र्याहत्तरावे आले. प्रश्न आपल्या मुलांच्या जगातले नव्हते अशी तक्रार झाली आणि भारत पुढच्या फेऱ्यांना गेला नाही. त्याच यादीत पहिला नंबर चीनचा नव्हता, एकट्या शांघाय शहराचा होता. २०१२ मध्ये व्हिएतनामनं गणितात ब्रिटन-अमेरिकेला मागे टाकलं आणि सगळीकडे वाहवा झाली. पण परीक्षा होते शाळेत असलेल्या मुलांची, आणि व्हिएतनाममध्ये त्या वयाची जेमतेम ५६ टक्के मुलं त्या मोजणीत येत होती. बाकीची शेतात, कारखान्यात. त्यांचा गुण कुठेच नाही. म्हणून यादीतला नंबर मी सर्वांत शेवटी बघतो. आधी बघतो, किती मुलं यादीबाहेर राहिली.

आपली २०२१ची जनगणना वेळेवर झाली नाही, आता ती २०२७ची होते आहे. मधल्या काळात श्रमबल सर्वेक्षणातून साक्षरता ८१ टक्क्यांच्या घरात गेल्याच्या बातम्या आल्या, पण ते सर्वेक्षण निराळं आणि त्याचा नमुनाही निराळा. २०११च्या ७३ टक्क्यांशी ते सरळ जोडता येणार नाही. २०२७च्या जनगणनेत स्वतःची माहिती स्वतःच मोबाइलवर भरायची सोय आहे. साक्षरतेचा रकाना अर्थातच घरातलं वाचता येणारं माणूस भरेल, वाचता न येणाऱ्यांच्या वतीनंसुद्धा.